विजेचा जुना रेल्वेडबा प्रदर्शनासाठी उभा करताना: इपॉक्सी, कॅनव्हास, गंजद्रावण आणि बाकी मालाची पारख

प्रदर्शनात ठेवायचा डबा पुन्हा कधी ६०० व्होल्टवर धावणार नसतो, म्हणून माल निवडताना लोक सैल होतात. "उभाच तर राहायचाय" हे वाक्य अशा प्रत्येक कामावर ऐकू येतं. खरं तर उभ्या डब्याचंच जास्त जपावं लागतं. धावत्या डब्याला कोणीतरी नियमित तेलपाणी करतं, झाकणं उघडतं, त्यामुळे गळती लवकर दिसते. उभ्या डब्याचं बाकाखालचं झाकण दहा-दहा वर्षं उघडत नाही आणि तोवर पाण्याने आपलं काम केलेलं असतं.

म्हणून इथे प्रत्येक मालाला दोनच प्रश्न विचारले आहेत. पाणी आत शिरलंच, तर हा माल त्याला बाहेर पडू देतो का? आणि पुढे कोणाला तो काढायचा झाला, तर खालचं मूळ लाकूड-लोखंड शाबूत ठेवून तो निघतो का? डब्यावर कितीही चकाकी असो, या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो माल आमच्या लेखी नापास.

१८८८ साली अमेरिकन अभियंता फ्रँक स्प्रेगने व्हर्जिनियातल्या रिचमंडला विजेची ट्रामसेवा यशस्वी करून दाखवली. त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांत बांधलेले बहुतेक डबे लाकडी सांगाड्याचे आहेत आणि ही पारख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. १९३६ पासूनच्या पीसीसी गाड्या (अमेरिकेत एका ठरावीक नमुन्यावर बनलेल्या ट्राम) पोलादी. त्यांना यातला गंजाचा भाग तेवढा लागू पडेल.

इपॉक्सी: वेस्ट सिस्टम १०५ आणि त्याचे हार्डनर

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळले की टणक होणारं चिकट द्रव. वेस्ट सिस्टम हा त्याचा एक ब्रँड. सुरुवात खांबाच्या बुडापासून. दोन खिडक्यांमधला उभा खांब खालच्या लांब तुळईत खाच करून बसवलेला असतो. तिथे टोच्या दाबून बघा. चांगल्या लाकडात तो दोन-तीन मिलिमीटरवर अडतो. कुजक्या लाकडात सहज आत जातो आणि बाहेर ओढला की चौकोनी ढेकळांचा तपकिरी भुसा सोबत येतो. आता नजर वर न्या. बऱ्याच डब्यांत खिडकीची काच भिंतीच्या आतल्या खोबणीत खाली सरकते. काचेवरून ओघळलेलं पाणी त्याच खोबणीत उतरतं. तळाला निचऱ्यासाठी भोकं ठेवलेली असतात, पण धूळ, तिकिटांचे कपटे आणि थरावर थर चढलेला रंग यांनी ती केव्हाच बुजलेली असतात. ती मोकळी न करता बुडाशी कितीही महागडं इपॉक्सी ओता, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भोकं मोकळी झाली, छत गळायचं थांबलं, की मग इपॉक्सीची पाळी. १०५ रेझिनसोबत २०५ हा जलद आणि २०६ हा सावकाश हार्डनर येतो. दोघांचं प्रमाण आकारमानाने ५ भाग रेझिनला १ भाग हार्डनर. २०७ आणि २०९ मात्र ३ ला १ आहेत, त्यामुळे डबे शेजारी ठेवले असतील तर झाकणावर मोठ्या अक्षरात प्रमाण लिहून ठेवा. पंप त्या त्या जोडीचाच वापरा. तो एक दाब रेझिनचा आणि एक दाब हार्डनरचा, असा मोजून बनवलेला असतो. चिकट राहिलेलं, कधीच न वाळणारं इपॉक्सी जवळजवळ नेहमी चुकलेल्या प्रमाणाचं किंवा अर्धवट घोटलेल्या मिश्रणाचं असतं. कडा आणि तळ खरवडत पूर्ण दोन मिनिटं घोटायचं, घाई करायची नाही.

२२ अंशांना १०० ग्रॅम मिश्रण कपात ठेवलं तर २०५ सोबत ९ ते १२ मिनिटं मिळतात आणि २०६ सोबत २० ते २५. खांबाच्या कामाला २०६ च घ्यावा. नऊ मिनिटांत जोड नीट बसवणं अनुभवी सुतारालाही जड जातं. मिश्रण उभट कपात न ठेवता पसरट ताटलीत ओता. कपात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरतं आणि दगड होऊन बसतं.

जोडाचं काम असं. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून टाका. त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा घ्या, रेषा मूळ रेषांशी जुळवा आणि तिरका जोड करा. उतार एकास आठ ठेवा, म्हणजे ५ सेंटिमीटर जाडीला ४० सेंटिमीटर लांबीचा जोड. ओलावामापकावर लाकूड १२ टक्क्यांच्या खाली असायला हवं. आधी दोन्ही अंगांना नुसतं पातळ इपॉक्सी चोपडा, विशेषतः आडव्या कापावर, कारण तिथे लाकूड ते शोषून घेतं. मग ४०६ ही सिलिका मिसळून लोण्याइतकं घट्ट केलेलं मिश्रण लावा आणि शिकंजा हलकाच आवळा. इथे सुताराची सवय आड येते. साध्या सरसाला दाबून आवळायचं असतं, इपॉक्सीला नाही. सगळं बाहेर पिळून निघालं तर जोड उपाशी राहतो आणि पुढे उघडतो.

वाळल्यावर वर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि खरबरीत घासणीने धुऊन काढायचा. थिनरने पुसला तर नुसता पसरतो. न धुता पॉलिश पेपर मारला तर पेपर चिकटून भरतो आणि वरचा रंग महिन्या-दोन महिन्यांत पोपडे धरतो.

आता नावडती बाजू. कुजकं लाकूड न कापता त्यात पातळ इपॉक्सी "जिरवण्याचा" सल्ला सर्रास दिला जातो. ते लाकडात काही मिलिमीटरच जातं. बाहेर टणक साल तयार होते, आतला ओलावा कोंडतो आणि बुरशी निवांत वाढते. वरून कीर्तन, आतून तमाशा. तसंच अख्खा खांब सगळ्या बाजूंनी इपॉक्सीत बुडवून काढणंही टाळा. नव्या कोरड्या लाकडाच्या होडीला ते शोभतं. शंभर वर्षं पाणी प्यायलेल्या खांबाला वाट मोकळी ठेवावी लागते. आणि हे इपॉक्सी साधारण ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पत्र्यामागे तेवढं तापमान सहज होतं, म्हणून भार पेलणारा जोड नुसत्या इपॉक्सीच्या भरवशावर सोडू नका, त्यातून बोल्ट घ्या. बोल्टला आधी मेण लावा, नाहीतर तो पुन्हा कधी निघणार नाही. ओकच्या लाकडात हे दुप्पट महत्त्वाचं. त्यातल्या टॅनिनमुळे लोखंड लवकर खातं आणि लाकूड भोवतीने निळं-काळं पडतं.

आमचं मत: जोडासाठी आणि बोल्टची जुनी, मोठी झालेली भोकं भरून पुन्हा पाडण्यासाठी उत्तम. लेप म्हणून, किंवा कुजकेपणावरचं औषध म्हणून, नको.

छताचं कॅनव्हास

डब्याचं आयुष्य छत ठरवतं आणि सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथेच होतात. मूळ रचना साधी: कमानींवर जीभ-खाचेच्या फळ्या, त्यांवर जाड सुती कॅनव्हास आणि कॅनव्हासवर तेलरंग. वरच्या तारेतून वीज घेणारा ट्रॉलीचा दांडा उभा असायचा तो भाग या सगळ्याच्या वर फळ्यांचा पाट टाकून केलेला.

फायबरग्लास आणि इपॉक्सीचं छत हा आजचा लाडका पर्याय. एकदा केलं की झालं, असं सांगितलं जातं. पण फळ्या ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतात आणि आकसतात, फायबरग्लास मात्र जागचं हलत नाही. दोन-तीन उन्हाळे-पावसाळे गेले की फळ्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या चिरा पडतात. त्या खालून दिसत नाहीत. पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते आणि फळी ओल्या पावासारखी होते. पुढे ते छत काढायची वेळ आली तर फळ्याही सोबत उखडून येतात. दोन्ही प्रश्नांवर नापास.

सुती कॅनव्हास घ्या, ८ नंबरचं. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ६१० ग्रॅम भरतं. १० नंबरचं सुमारे ५०० ग्रॅमचं असतं. ते ओढायला सोपं, पण जिथे माणसं चढतात तिथे लवकर झिजतं. १५ मीटर लांबीच्या डब्याला कडा दुमडून साधारण ३ मीटर रुंदी धरली तर ४५ चौरस मीटर कापड लागतं, म्हणजे कोरडंच २७ किलोच्या वर. ते वर चढवायला आणि गुंडाळी सरळ उलगडायला किमान चार माणसं लागतात. मिळालं तर एकसंध रुंदीचंच घ्या. जोड घ्यावाच लागला तर तो लांबीच्या दिशेने, आणि वरचा पदर उताराकडे, कौलं जशी एकावर एक बसतात तसा.

फळ्यांची तयारी हे निम्मं काम. प्रत्येक खिळ्याचं डोकं आत ठोकायचं, वर लुकण भरायचं. पूर्वी हे लुकण सफेदा आणि जवसाच्या तेलाचं असे. सफेदा म्हणजे शिसं, तो आता वापरू नका. खडू आणि बेलतेलाचं (उकळलेल्या जवसाच्या तेलाचं) लुकण पुरेसं आहे. कडेच्या फळीची धार रंध्याने गोल करा. धारदार कडेवर ताणलेलं कापड तिथेच फाटतं.

मग फळ्यांवर घट्ट तेलरंगाचा भरपूर हात द्या आणि तो ओला असतानाच कॅनव्हास टाका. मध्यापासून दोन्ही टोकांकडे लांबीत ओढा, त्यानंतर मध्यापासूनच दोन्ही बाजूंना रुंदीत. हाताने पुरेसा ताण येत नाही. कॅनव्हास ओढायचा रुंद जबड्याचा चिमटा वापरा. चुका तांब्याच्या, २० मिलिमीटर अंतराने. वरच्या १५ मीटरच्या डब्याला नुसत्या परिघावर अठराशेच्या आसपास चुका लागतात. लोखंडी चुका गंजतात, गंज सुताला खातो आणि पाच-सात वर्षांत कडेने भोकांची माळ उमटते. वरून पहिला हात पातळ, म्हणजे तो विणीत उतरून खालच्या ओल्या रंगाला भेटतो. त्यावर दोन घट्ट हात, मधे पुरता वाळायला वेळ देऊन. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

गळती सुरू होते ती कापडातून क्वचितच. ती सुरू होते कापडात पाडलेल्या भोकातून. ट्रॉलीच्या पाटाचा प्रत्येक स्क्रू आणि छतावरून जाणाऱ्या केबलची प्रत्येक पकड हे एकेक भोक आहे. प्रत्येकाखाली न वाळणारा ब्यूटिलचा पट्टा द्या. इथे पॉलियुरेथेनचं सीलंट लावायचा मोह होतो. चिकटतं छान, पण इतकं की पुढे पाट काढताना कॅनव्हासच फाडून आणतं. पत्र्याच्या आणि फळीच्या कायम जोडाला पॉलियुरेथेन चालेल. उघडायच्या जागी ब्यूटिल.

एवढं करून डबा उघड्यावर ठेवला तर हे छत दर काही वर्षांनी रंगवावंच लागेल. डब्यावर शेड असेल तर हेच कॅनव्हास कैक पटीने टिकतं. निधी तुटपुंजा असेल तर आधी शेड, मग डबा. यात आम्हाला तिळमात्र शंका नाही.

गंजासाठी इव्हॅपो-रस्ट

हे पाण्यातलं, जवळजवळ उदासीन पीएचचं द्रावण आहे. गंजातलं लोह ते पकडून ठेवतं, चांगल्या लोखंडाला फारसं हात लावत नाही. आम्लाच्या तुलनेत मोठा फायदा कडक पोलादाच्या स्प्रिंगांना होतो. आम्लात टाकलेली कडक स्प्रिंग हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकते, इथे तो धोका नाही. बाकाची बिजागरं, ब्रेकच्या पिना, घंटेचा टोल, खिडकीच्या कड्या यांसाठी याच्याइतका बिनघोर माल दुसरा नाही.

पण ते स्पर्शानेच काम करतं. आधी ग्रीस पूर्ण धुवा, कारण तेलाच्या डागाखाली गंज जसाच्या तसा राहतो. वस्तू पूर्ण बुडाली पाहिजे. अर्धी वर राहिली तर पाण्याच्या रेषेवर कायमचा ओरखडा उमटतो. थंडीत वेग फार मंदावतो. उबदार खोलीत रात्रभर ठेवलं की बहुतेक वस्तू साफ होतात. जास्त कार्बनच्या पोलादावर काळसर थर राहतो, तो फडक्याने निघतो. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच गरम हवेने वाळवा आणि तासाभरात प्रायमर किंवा तेल लावा, नाहीतर केशरी झाक पुन्हा येते.

मोठ्या तुळया आणि चाकांच्या बोगीला हे कामाचं नाही. चिंध्या भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळायची युक्ती लहान भागाला जमते, मोठ्यावर वाळके चट्टे पडतात. तिथे सुयांची हवेची गन आणि तारेचा ब्रश. मात्र ही गन बाजूच्या पातळ पत्र्यावर कधीही नको. पत्रा फुगून लाटा धरतो आणि तिरप्या उजेडात त्या लाटा प्रेक्षकाला पहिल्या दिसतात. वाळूच्या माऱ्यानेही तेच होतं.

रिबीट मारलेल्या दोन पत्र्यांमधला गंज तर कुठल्याच द्रावणाने निघत नाही. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि पत्रे पाचर मारल्यासारखे उचकटतो. रिबीट काढा, पत्रे वेगळे करा, साफ करा, दोन्ही आतल्या अंगांना प्रायमर द्या, मग जोडा. वरून लुकण दाबून रंग मारणं म्हणजे दोन वर्षांनी तेच काम पुन्हा.

जुना रंग आणि पॅरालॉइड बी-७२

रंग काढायच्या आधी तो वाचायचा असतो. दाराच्या आतल्या बाजूला किंवा पट्टीखाली, जिथे ऊन लागलेलं नाही, तिथे बारीक पॉलिश पेपरने बशीसारखा उतरता खड्डा घासा. थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात. एक फसवणूक इथे नेहमी होते: जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो. नमुना काही दिवस उजेडात ठेवून मगच रंग जुळवा. रंगावर पारदर्शक रोगण असेल तर तेही पिवळं झालेलं असतं. त्याच्या खालचा रंग बघा. नाहीतर मूळचा पांढराशुभ्र पट्टा तुम्ही साईसारखा पिवळट रंगवाल.

हा जुना रंग शिशाचा आहे असंच धरून चाला. कोरडं घासणं कमीत कमी, ओलं जास्त. हीट गन मंद ठेवा, रंग मऊ व्हायला हवा, धुरायला नको. डायक्लोरोमिथेनचे रंगनाशक बंद जागेत वापरून माणसं दगावलेली आहेत, ते आणूच नका. कंट्रोलरमधल्या (चालक ज्याने डब्याचा वेग बदलतो ती पेटी) ठिणगी अडवणाऱ्या पाट्या आणि रेझिस्टन्सच्या मागचे तक्ते बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना फुंकर मारू नका, घासू नका. तपासणी करून घ्या आणि प्रेक्षकांना कंट्रोलर उघडा दाखवायचा असेल तर समोर पारदर्शक झाकण बसवा.

मूळ सोनेरी अंक किंवा अक्षरं उरली असतील तर ती पुन्हा रंगवण्यापेक्षा वाचवा. त्यासाठी पॅरालॉइड बी-७२. हे अ‍ॅक्रिलिक रेझिन मण्यांच्या रूपात येतं. ५ ते १० टक्के द्रावण पुरतं, म्हणजे १०० मिलिलीटर द्रावकात ५ ते १० ग्रॅम. मणी थेट बाटलीत टाकले तर तळाशी गोळा होतो. जाळीदार कापडाच्या पुरचुंडीत बांधून द्रावकात लटकत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतात. अ‍ॅसिटोन झटकन उडतं आणि थरात बुडबुडे ठेवतं. टोल्युइनमध्ये थर एकसारखा येतो, पण त्याची वाफ वाईट. मास्क आणि खेळती हवा हवीच. आधी कोपऱ्यात काडीच्या कापसाने चाचणी घ्या, कारण अ‍ॅसिटोन जुनं लाखेचं रोगणही विरघळवतं आणि अक्षर वाचवायला जाऊन तेच कापसावर यायचं.

बी-७२ ची खरी किंमत अशी, की ते पुढे कधीही अ‍ॅसिटोनने काढता येतं. मूळ रंगावर त्याचा थर देऊन वर नवा रंग चढवला तर खालचा पुरावा सुरक्षित राहतो. इथेच घोडं पेंड खातं: वरच्या रंगात झायलीनसारखा थिनर असेल तर तो बी-७२ च उचलून काढतो. टर्पेंटाइनच्या जातीच्या साध्या थिनरचा, व्हाइट स्पिरिटवर चालणारा एनॅमल वापरा. त्यात बी-७२ विरघळत नाही. आणि सुमारे ४० अंशांना ते मऊ होऊ लागतं. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या डब्यात आतल्या अक्षरांवर धूळ चिकटून बसेल. पडदे ओढा किंवा झडपा उघड्या ठेवा.

रेनेसाँ वॅक्स

ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतून आलेलं सूक्ष्मस्फटिकी मेण. पितळी पाट्या, कंट्रोलरचं झाकण, हात न लागणारे दिवे यांवर पातळ एक हात, लगेच घासून चमकवा. हाताच्या दांड्यांवर मात्र व्यर्थ. प्रेक्षकांच्या हातांनी ते काही दिवसांत जातं. तिथे पितळ उघडंच राहू द्या, हातच ते चमकतं ठेवतात. पुढे रंग द्यायच्या जागेवर मेण लावू नका.

आतले दिवे

६०० व्होल्टच्या डब्यात १२० व्होल्टचे पाच दिवे एका साखळीत असत. एक गेला की पाचही अंधार. जुन्या रबरी तारांत आता वीज सोडू नका. रबर कडक होऊन वाकवताच तडकतं. तारा जागेवर राहू द्या, दोन्ही टोकं सोडवा, चिठ्ठी बांधा. नवं तारकाम २४ व्होल्टचं, वेगळ्या नळीतून, फ्यूजसह. मूळ होल्डरमध्ये बसणारे २४ व्होल्टचे, २७०० केल्व्हिनच्या आसपासचे एलईडी घ्या. याहून पांढरा उजेड जुन्या लाकडाला राखट दाखवतो. आणि प्रत्येक होल्डरच्या आतल्या कडेला "२४ व्होल्ट" असं रंगाने लिहा. होल्डर घरच्यासारखाच दिसतो, तेव्हा पुढची व्यक्ती शिडी लावून त्यात साधा दिवा फिरवणारच, आणि तो पेटला नाही म्हणून मग तारा तपासायला जुन्या पेटीत हात घालणार.